ट्रॅक्टरमधील हायड्रॉलिक तेलगळती

ट्रॅक्टरमधील हायड्रॉलिक तेलगळती म्हणजे ट्रॅक्टरच्या द्रवचालित यंत्रणेतील तेल ठरलेला मार्ग सोडून बाहेर पडणे, अथवा यंत्रणेच्या आतच दाबाच्या बाजूकडून बिनदाबाच्या बाजूकडे निसटणे होय. पहिल्या प्रकारास बाह्य गळती व दुसऱ्यास अंतर्गत गळती म्हणतात. बाह्य गळती डोळ्यांना दिसते. अंतर्गत गळतीत तेलाचा एक थेंबही जमिनीवर पडत नाही, मात्र अवजार उचलले जात नाही किंवा उचललेले टिकत नाही. मराठीत ‘द्रवचालित’ हा शब्द उपलब्ध असला तरी जळगाव व धुळे जिल्ह्यांतील शेतकरी आणि मिस्त्री या यंत्रणेस ‘हायड्रॉलिक’ किंवा नुसतेच ‘लिफ्ट’ म्हणतात. ‘लिफ्ट बसते’, ‘लिफ्ट पकडत नाही’ या त्यांच्या तक्रारी वेगवेगळ्या दोषांकडे बोट दाखवतात. म्हणून या लेखात प्रचलित शब्दच वापरले आहेत.

या दोषाच्या दुरुस्तीत सर्वाधिक पैसा सुटा भाग महाग असल्यामुळे वाया जात नाही, तर चुकीचा भाग बदलल्यामुळे जातो. तेल जेथे दिसते तेथूनच ते निघालेले असते असे नाही. त्यामुळे निदान आधी व पाना नंतर, हा क्रम महत्त्वाचा ठरतो.

यंत्रणेची रचना

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा नियम फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेज पास्कल याने सतराव्या शतकात मांडला. ट्रॅक्टरची लिफ्ट याच नियमावर चालते. पंप टाकीतील तेल जाळीतून ओढून घेतो व नियंत्रण व्हॉल्व्हमार्फत सिलिंडरमध्ये ढकलतो. सिलिंडरमधील पिस्टन पुढे सरकला की तो आडव्या शाफ्टला फिरवतो आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांवरील लिफ्ट आर्म अवजार उचलतात. अवजार खाली येते ते स्वतःच्या वजनाने. व्हॉल्व्ह तेलाला परतीची वाट मोकळी करून देतो, एवढेच. ट्रॅक्टरच्या यंत्रणेतील कमाल दाब साधारणपणे १५० ते २०० बार असतो व तो रिलीफ व्हॉल्व्हने मर्यादित केलेला असतो. समजा, सिलिंडरचा व्यास ७५ मिलिमीटर आहे, तर पिस्टनचे क्षेत्रफळ सुमारे ४४ चौरस सेंटिमीटर भरते. १५० बार दाबास त्यावर सुमारे ६,७०० किलोग्रॅम वजनाइतके बल पडते. एवढे बल अडवून धरण्याचे काम पिस्टनवरील रबराची एक लहानशी कडी करीत असते.

अवजार तीन बिंदूंवर जोडून ते हायड्रॉलिकने नियंत्रित करण्याची पद्धत आयर्लंडमधील यंत्रज्ञ हॅरी फर्ग्युसन याने विकसित केली आणि १९३६ पासून त्या पद्धतीचे ट्रॅक्टर कारखान्यात बनू लागले. पुढे १९५३ मध्ये त्याची कंपनी मॅसी-हॅरिस या कंपनीत विलीन झाली. मद्रास येथे १९६० मध्ये स्थापन झालेल्या टॅफे कंपनीमार्फत हा वारसा भारतात आला. मॅसी फर्ग्युसन १०३५ सारख्या ट्रॅक्टरांत पंप मागील हाउसिंगच्या आत तेलात बुडालेला असतो व त्याला पीटीओ शाफ्टकडून गती मिळते. इतर अनेक ट्रॅक्टरांत मात्र गिअर पद्धतीचा पंप इंजिनच्या बाजूला बाहेर बसवलेला असतो आणि त्याला इंजिनाच्या दातेरी चक्रांकडून गती मिळते. गळतीच्या दृष्टीने हा भेद फार महत्त्वाचा आहे. पहिल्या रचनेत पंपाची गळती आतल्या आत राहते, तर दुसऱ्या रचनेत ती बाहेर येते किंवा, त्याहून वाईट म्हणजे, इंजिनात शिरते.

पुष्कळ ट्रॅक्टरांत गिअर बॉक्स, डिफरन्शियल व हायड्रॉलिक यांचे तेल सामाईक असते. ब्रेक तेलात बुडालेले असल्यास तेही त्याच तेलावर चालतात. सामाईक टाकीत मॉडेलनुसार साधारण २० ते ६० लिटर तेल बसते. म्हणूनच लिफ्टचे तेल कमी होणे हा एकट्या लिफ्टचा प्रश्न राहत नाही.

खानदेशातील परिस्थिती

खानदेशात ट्रॅक्टरवर ताण पडण्याचे दिवस ठरलेले आहेत. हिवाळ्याच्या शेवटी उभ्या पऱ्हाटीचा भुगा करणे, कापणी झालेल्या केळीबागेत खोडे मोडून रोटाव्हेटर फिरवणे आणि मार्च ते मे या काळात पलटी नांगराने खोल नांगरट करणे ही कामे एकामागून एक येतात. रावेर, यावल व चोपडा या केळीच्या तालुक्यांत ओलसर माती व तंतुमय खोडे यांत यंत्र अडकते. शिंदखेडा, अमळनेर, पारोळा या भागांतील कोरडवाहू काळ्या जमिनीत उन्हाळ्यात ढेकूळ दगडासारखे होते. आखाजीनंतर पूर्वहंगामी कपाशीची लगबग सुरू होते व मृग नक्षत्र दिसू लागते. अशा वेळी लिफ्ट बंद पडली, तर नुकसान तेलाच्या किमतीत मोजून चालत नाही. वाफसा निघून गेला म्हणजे पेरणीचा दिवसच हातचा जातो. स्वतःचा ट्रॅक्टर नसलेल्या व भाड्याने नांगरट करून घेणाऱ्या लहान शेतकऱ्याला त्याचा फटका अधिक बसतो, कारण त्याची पाळी मोठ्या शेतकऱ्यांनंतर येते.

हवामानाचाही वाटा आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळ परिसरात तापमान ४५ अंश सेल्सियसपर्यंत व काही दिवशी त्याहून वर जाते. तेल तापले की पातळ होते आणि थंडीत जी फट त्याला ओलांडता येत नव्हती ती ओलांडू लागते. ‘सकाळी नांगर उचलतो, दुपारी उचलत नाही’ ही तक्रार येथे वारंवार ऐकू येते. ती बहुधा झिजलेल्या पंपाची किंवा थकलेल्या पिस्टन-सीलची खूण असते. सीलसाठी सर्रास वापरले जाणारे नायट्राइल रबर सुमारे १०० अंशांपर्यंत टिकाव धरते. त्याच्या जवळपासच्या तापमानात ते दीर्घकाळ राहिल्यास कडक होते व त्याचा ताण नाहीसा होतो.

याशिवाय धूळ आहे. काळ्या मातीची बारीक धूळ तेलकट पृष्ठभागावर बसून काळा थर तयार करते. तो गळती झाकतो आणि कोणत्याही जोडातून आत गेल्यास सिलिंडरला ओरखडे पाडतो. गावात एकच डंपिंग ट्रॉली किंवा एकच पलटी नांगर तीन-चार ट्रॅक्टरांना आळीपाळीने जोडण्याची पद्धत आहे. ट्रॉलीच्या सिलिंडरमध्ये मागच्या ट्रॅक्टरचे तेल शिल्लक असते, ते कचऱ्यासह पुढच्या ट्रॅक्टरमध्ये जाते. एका ट्रॅक्टरचे आजारपण दुसऱ्याला लागण्याचा हा मार्ग दुर्लक्षित राहिला आहे.

धोका

गळती शोधण्यापूर्वी तिच्यातील धोका समजून घेणे आवश्यक आहे. पाइपला टाचणीच्या टोकाएवढे छिद्र पडले असता १५० बार दाबाखालील तेल त्यातून सैद्धांतिकदृष्ट्या सेकंदाला सुमारे १८० मीटर वेगाने बाहेर पडते. हा फवारा इतका बारीक असतो की तो उन्हात दिसतही नाही. पाइपवरून बोट फिरवून ओलावा शोधण्याची सवय अनेक मिस्त्रींना असते. तसे करताना तेल कातडी भेदून आत शिरू शकते. सुरुवातीला टोचल्याएवढीच जाणीव होते व एक लहानसा ठिपका दिसतो. रक्त फारसे येत नाही. जखमी माणूस काम चालू ठेवतो. काही तासांनी बोट सुजते, कारण आत शिरलेले तेल स्नायुबंधांच्या आवरणातून तळहाताकडे पसरलेले असते. बोट गमावण्याची वेळ येते ती मुख्यतः उशिरामुळे.

अशा वेळी धनुर्वाताचे इंजेक्शन व पट्टी एवढ्यावर थांबणे चुकीचे आहे. शेकणे किंवा चोळणेही घातक आहे. जखम कितीही क्षुल्लक दिसली तरी तत्काळ शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे आणि ‘दाबाखालील तेल आत गेले आहे’ हे डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगावे. जळगाव व धुळे या दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. फवारा शोधण्यासाठी हाताऐवजी पुठ्ठ्याचा किंवा लाकडी फळीचा तुकडा पाइपजवळून फिरवावा. पुठ्ठ्यावर तेलाची रेघ उमटते. डोळ्यांवर चष्मा असावा.

दुसरा धोका वजनाचा आहे. उचललेल्या नांगराखाली किंवा ट्रॉलीच्या हौद्याखाली केवळ लिफ्टच्या भरवशावर शिरणे म्हणजे जिची शंका आहे तिच्यावरच जीव टांगणे होय. अवजार जमिनीवर टेकवणे शक्य नसल्यास त्याखाली भक्कम लाकडी ठोकळे किंवा लोखंडी टेकू द्यावेत. जॅक हा टेकू नव्हे.

बाह्य गळतीचे निदान

पहिला प्रश्न असा की तेल खरोखर कमी होत आहे काय? ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून, लिफ्ट पूर्ण खाली घेऊन, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटांनी गेज पट्टीवर पातळी पाहावी. लिफ्ट वर असताना किंवा ट्रॉलीचा सिलिंडर उघडा असताना घेतलेली पातळी कमीच दिसते. ती पाहून तेल ओतल्यास टाकी मर्यादेपेक्षा अधिक भरते आणि जादा तेल सीलमधून बाहेर पडू लागते. म्हणजे नसलेली गळती आपणच निर्माण करतो. किती तेल कोणत्या दिवशी घातले याची नोंद ठेवणे उपयुक्त असते. सेकंदाला एक थेंब ही गळती किरकोळ वाटते; परंतु २० थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर दहा तासांच्या कामात १.८ लिटर तेल जाते.

यानंतर संशयित भाग डिझेल व ब्रशने स्वच्छ धुऊन कोरडा पुसावा. हे काम कंटाळवाणे असल्याने बहुतेक वेळा टाळले जाते आणि निदान चुकते ते येथेच. कोरड्या भागावर खडूची पूड किंवा टाल्कम पावडर भुरभुरावी, खाली जुने वर्तमानपत्र पसरावे व ट्रॅक्टर रिकाम्या वेगावर चालवून लिफ्ट दहा-बारा वेळा वर-खाली करावी. गळती नसेल तर वजनासह पुन्हा करावी. ओलावा जेथे सर्वांत उंचावर व सर्वांत पुढे उमटतो तेथे मूळ असण्याची शक्यता अधिक असते, कारण तेल खाली ओघळते आणि इंजिनाच्या पंख्याचा वारा ते मागे ढकलतो. मागच्या हाउसिंगवरून टपकणारे तेल कित्येकदा पुढच्या पाइपच्या नटाचे असते. मोठ्या कार्यशाळांत तेलात चमकणारे रंगद्रव्य घालून अतिनील दिव्याखाली गळती शोधतात. खेड्यात खडूची पूड तेच काम स्वस्तात करते.

टपकणारा द्रव हायड्रॉलिकचाच आहे याचीही खात्री करावी. इंजिनाचे वापरलेले तेल काळे असते, डिझेल कागदावर झपाट्याने पसरते व वासाने ओळखू येते, रेडिएटरमधील कूलंट बोटांवर पाण्यासारखा लागतो.

थेंब केव्हा पडतो हेही बोलके असते. फक्त वजन उचलताना पडत असेल, तर दोष दाबाच्या बाजूस, म्हणजे पाइप, नट, सिलिंडर किंवा व्हॉल्व्हमध्ये असतो. ट्रॅक्टर चालू असताना एकही थेंब नाही, परंतु रात्रभर उभा राहिल्यावर खाली डाग पडतो, असे असल्यास टाकीकडून पंपाकडे जाणाऱ्या शोषण-पाइपची शंका घ्यावी. चालू असताना तेथे ओढ असते, त्यामुळे तेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. मग तेलावर फेस येतो, पंप कण्हल्यासारखा आवाज करतो आणि लिफ्ट धक्के खात उचलते. फेस व दुधाळपणा यांत गल्लत करू नये. फेस काही वेळाने बसतो व तेल पुन्हा स्वच्छ दिसते. दुधी रंग मात्र टिकून राहतो, व तो पाणी शिरल्याची खूण असतो.

लिफ्ट शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या कड्या, पीटीओ शाफ्टचे ऑइल सील, नियंत्रण दांडीची पिन, वरच्या झाकणाचे गॅस्केट आणि ट्रॉलीसाठी दिलेले झटपट-जोड या जागा नेहमीच्याच होत. यांपैकी एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी पाझर दिसू लागल्यास सील बदलण्यापूर्वी ब्रीदर पाहावा. हाउसिंगला श्वास घेण्यासाठी ठेवलेले हे छिद्र धुळीने, क्वचित कुंभारमाशीच्या चिखलाने, बुजते. तेल तापल्यावर आतली हवा फुगते व तिला वाट न मिळाल्याने ती तेलाला सीलच्या ओठांतून बाहेर रेटते. ब्रीदर डिझेलने धुण्यास पाच मिनिटे लागतात. हे न पाहता हजारो रुपयांची सील बदलली जातात आणि महिन्याभरात नवी सीलही पाझरू लागतात.

तेल कमी होते पण जमिनीवर कोठेच दिसत नाही, अशीही अवस्था असते. बाहेरील पंपाच्या शाफ्टचे सील फाटल्यास तेल इंजिनाच्या चेंबरमध्ये जाते. हायड्रॉलिकची पातळी उतरते व इंजिन तेलाची चढते. चढलेले इंजिन तेल पातळ व डिझेलचा वास येणारे असल्यास दोष इंधनाच्या बाजूचा समजावा. तसे नसल्यास पंपाचे सील तपासावे. कोरडे ब्रेक असलेल्या ट्रॅक्टरात मागील ॲक्सलचे सील गेले तर तेल ब्रेकच्या लायनिंगवर येते. अशा ट्रॅक्टरचा एका बाजूचा ब्रेक लागत नाही आणि भरलेल्या ट्रॉलीसह रस्त्यावर ब्रेक दाबताच तो दुसऱ्या बाजूस ओढला जातो. हा दोष ‘ब्रेक ढिले झाले’ म्हणून घट्ट करून मिटत नाही.

अंतर्गत गळतीचे निदान

मध्य प्रदेशातील बुदनी येथे १९५५ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय कृषी यंत्र प्रशिक्षण व परीक्षण संस्थेत ट्रॅक्टरांची चाचणी घेतली जाते. तीत लिफ्टवर भार देऊन तो उचलून धरतात आणि दर ५ मिनिटांनी, एकूण ३० मिनिटांपर्यंत, तो किती मिलिमीटर खाली आला हे नोंदवतात. हीच चाचणी शेतकऱ्याला खळ्यातही करता येते. नांगर उचलून इंजिन बंद करावे, फाळापासून जमिनीपर्यंतचे अंतर टेपने मोजावे व तसेच मोजत राहावे. मोजणारा नांगराच्या बाजूला उभा राहील, खाली नव्हे. अर्ध्या तासात थोडे अंतर कमी होणे हे झिजेचे सामान्य लक्षण आहे. दोन-तीन मिनिटांत नांगर जमिनीला टेकला, तर तेल धरून ठेवणाऱ्या बाजूला मोठी वाट मिळाली आहे असे समजावे.

लिफ्ट झटकन उचलते पण टिकत नाही, याचा अर्थ पंप ठीक आहे. दोष पिस्टनची कडी, सिलिंडर, त्याचा सेफ्टी व्हॉल्व्ह किंवा एकदिशा व्हॉल्व्ह यांत आहे. इंजिन चालू असताना अशी लिफ्ट सतत थोडी खाली येऊन पुन्हा उचलली जाते, म्हणजेच डुलते, कारण नियंत्रण व्हॉल्व्ह गळालेले तेल पुन्हा भरत असतो. याउलट उचलायला वेळ लागतो, पण एकदा उचललेले अवजार तासभर टिकते, तर दोष पंप, शोषण-जाळी किंवा रिलीफ व्हॉल्व्हकडे शोधावा. सर्वप्रथम जाळी पाहावी, कारण ती स्वस्त आहे. जाळीवर सापडलेला कचराही साक्ष देतो. पितळी चमक पंपाच्या बुशांची, काळे रबरी तुकडे सीलचे, तर रंगीत जेलीसारखे गोळे मागील दुरुस्तीत सढळ हाताने लावलेल्या सिलिकॉनचे असतात.

काही ट्रॅक्टरांत लिफ्टचा सिलिंडर ट्रॉलीच्या तेलमार्गापासून तोडणारा व्हॉल्व्ह असतो. नांगर उचलून तो बंद केल्यावरही नांगर खाली येत राहिला तर पिस्टनचा दोष निश्चित होतो. थांबला तर नियंत्रण व्हॉल्व्हचा. पंप आत असलेल्या फर्ग्युसन पद्धतीच्या ट्रॅक्टरांत मात्र तेल धरून ठेवणारा व्हॉल्व्ह पंपातच असल्याने बाहेरून एवढा उलगडा होत नाही. तेथे अनुभवी मिस्त्री काही लिटर तेल काढून हाउसिंगचे बाजूचे झाकण उघडतात व टॉर्चच्या उजेडात पाहतात. सिलिंडरच्या तोंडातून तेल ओघळत असल्यास पिस्टनची कडी, पंपाकडून वर जाणाऱ्या उभ्या नळीच्या टोकाशी फुटत असल्यास तेथील ओ-रिंग, पंपाच्या अंगातून येत असल्यास पंप. आत शाफ्ट फिरत असतो, म्हणून हे काम नवशिक्याचे नव्हे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधील ‘मेकॅनिक ट्रॅक्टर’ या अभ्यासक्रमात प्रशिक्षण घेतलेला किंवा तितकाच सरावलेला माणूस शोधावा.

दुरुस्ती

काम सुरू करण्यापूर्वी अवजार खाली टेकवून इंजिन बंद करावे, चावी काढून घ्यावी, चाकांना उटी लावावी आणि लिफ्टचे व ट्रॉलीचे लिव्हर अनेकदा मागे-पुढे करून उरलेला दाब सोडून द्यावा. दाबाखालील नट कधीही आवळू नये, सैल करणे तर दूरच. झटपट-जोड बसत नसल्यास त्याच्या आतल्या गोळीवर हातोडी मारून दाब काढण्याची प्रथा आहे. त्यातून निघणारी पिचकारी थेट तोंडावर येते.

ओ-रिंग बदलताना जुनी ओ-रिंग नमुना म्हणून दुकानात नेली जाते. ती ताणलेली, चपटी किंवा फुगलेली असल्याने माप चुकते. खाचेचे माप घेणे अधिक भरवशाचे. जुनी ओ-रिंग फेकून देण्यापूर्वी निरखावी. कडक व चपटी झालेली ओ-रिंग उष्णतेने किंवा वयाने गेली. मऊ पडून फुगलेली चुकीच्या तेलाने किंवा चुकीच्या रबराने गेली. ब्रेक ऑइलसाठी बनवलेले काही रबर खनिज तेलात फुगते आणि दिसायला ते तितकेच काळे असते. एकाच ठिकाणी कापलेली ओ-रिंग बसवताना धारेवरून घासली गेली. कडेने कुरतडल्यासारखी दिसत असल्यास दाबाने ती फटीत ढकलली गेली. अशा जागी ओ-रिंगसोबत चामड्याची किंवा टेफ्लॉनची आधार-कडी असते, आणि ती दाबाच्या विरुद्ध बाजूस बसवायची असते. ती उलट बसवली की नवी ओ-रिंग काही दिवसांत त्याच रीतीने कुरतडली जाते व दोष मालाला दिला जातो. बसवण्यापूर्वी खाच पुसावी, ओ-रिंगला तेच तेल लावावे, स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने ती ढकलू नये. सिलिंडरला नखाला लागेल एवढा ओरखडा असल्यास नुसती ओ-रिंग बदलून उपयोग नाही. सिलिंडर घासून घ्यावा लागतो किंवा बदलावा लागतो.

फिरत्या शाफ्टवरील ऑइल सील बसवताना त्याची बारीक स्प्रिंग असलेली बाजू तेलाकडे यावी. शाफ्टवर जुन्या सीलने पाडलेली चर हाताला लागत असल्यास नवे सील त्याच चरीवर बसवू नये. जागा असल्यास ते एक-दोन मिलिमीटर पुढे-मागे बसवतात, नसल्यास शाफ्टवर पातळ बाही चढवतात. सील सर्व बाजूंनी सारखे आत जावे म्हणून त्याच्या बाह्य व्यासाएवढा पाइपचा तुकडा टेकवून ठोकावे.

तांब्याचे वायसर एकदा दबले की कठीण होतात. नवे न मिळाल्यास ते लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकल्याने पुन्हा मऊ होतात. लोखंडाच्या उलट हा गुण तांब्यात आहे. नळाच्या कामातील टेफ्लॉन टेप हायड्रॉलिकच्या जोडांवर गुंडाळू नये. तिचे तंतू तुटून व्हॉल्व्हमध्ये अडकतात. शेलॅक किंवा सिलिकॉन गॅस्केटवर अगदी पातळ थरात लावावे.

फुटलेल्या होज पाइपवर सायकलची ट्यूब गुंडाळून तार आवळणे हा शेतावरचा जुना उपाय आहे. शोषण-पाइपवर तो घरी पोहोचेपर्यंत चालू शकतो. दाबाच्या पाइपवर तो निरुपयोगी व धोकादायक आहे, कारण फवारा ट्यूबखाली लपतो. नवा पाइप तोंडे यंत्रावर दाबून घेऊन बनवावा व त्यावर छापलेला दाब रिलीफ व्हॉल्व्हच्या दाबापेक्षा कमी नसावा. आत पोलादी तारेची एक जाळी असलेला पाइप व दोन जाळ्यांचा पाइप बाहेरून सारखेच दिसतात, म्हणून छापलेला मजकूर वाचूनच घ्यावा. पलटी नांगराचा पाइप नांगर उलटताना ताणला किंवा मुरगळला जातो. दोन्ही स्थितींत नांगर फिरवून पाहून मगच लांबी ठरवावी. तडकलेल्या दाब-पाइपला वेल्डिंग करणे किंवा एपॉक्सी पुटी लावणे हे खात्रीचे उपाय नाहीत. बिनदाबाच्या ओतीव हाउसिंगवरील बारीक तड्यास पुटी काही काळ टिकते.

तेल भरणे व सांडलेल्या तेलाची विल्हेवाट

जोडणीनंतर जाळी धुऊन, उत्पादकाच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकारचेच तेल भरावे. तेलात बुडालेले ब्रेक असलेल्या ट्रॅक्टरात स्वस्त गिअर ऑइल घातल्यास ब्रेक कर्कश आवाज करतात व नीट धरत नाहीत. निरनिराळी तेले मिसळणे टाळावे. मग बिनवजनाने लिफ्ट आठ-दहा वेळा वर-खाली करून आत अडकलेली हवा काढावी, पातळी पुन्हा पाहावी आणि पहिल्या तासाच्या कामानंतर सर्व जोड पुन्हा तपासावेत. गरम झाल्यावर एखादा नट किंचित सैल पडतो.

काढलेले तेल बांधावर, नाल्यात किंवा विहिरीच्या कडेला ओतू नये. ज्या जागी तेल मुरते तेथे पाणी झिरपत नाही आणि रोप उगवून येत नाही. असे काळे, पिकाविना राहिलेले पट्टे ट्रॅक्टर उभे करण्याच्या जागांभोवती सहज दिसतात. दरवाजे व वासे वाळवीपासून वाचवण्यासाठी जळके तेल लावण्याची जुनी सवयही माणसांच्या व गुरांच्या वावराच्या जागी योग्य नाही. २०१६ च्या घातक व इतर अपशिष्ट व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेले तेल घातक अपशिष्टांत मोडते. ते झाकणाच्या डब्यात साठवून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे पोहोचेल अशा संकलकाकडे द्यावे लागते. जमिनीवर सांडलेल्या तेलावर लाकडाचा भुसा किंवा कोरडी माती टाकून ती तेल शोषल्यानंतर वेगळी गोळा करतात.